झेंडू घोडीचे डिंकाचे लाडू

वऱ्हाड मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेला होता त्या काळात अमरावती आणि अकोला या दोन गावांना भांडायला विषय कमी नव्हते. कापूस कुणाचा लांब धाग्याचा, मिरची कुणाची झोंबते, वकील कुणाचे जास्त खोटे बोलतात, एवढ्यावर पिढ्या निघाल्या असत्या. पण पाडवा झाला की ही सगळी भांडणं खुंटीला टांगली जायची आणि मोर्णा नदीकाठच्या मैदानावर घोड्यांची शर्यत व्हायची. माणसं आदल्या दिवसापासून गाड्या सोडून, चुली मांडून बसत. घोडे धावायचे तो वेळ पानाला चुना लावण्याइतका. पण त्यावरचं बोलणं वर्षभर पुरायचं, आणि खरी मजा त्या बोलण्यातच होती.

त्यातली एक गंमत अशी की वऱ्हाडातला घोडा कधी आपल्या पायांनी हरत नसे. त्याला कुणीतरी काहीतरी चारलेलं असे. आणि समोरच्याचा घोडा कधी आपल्या पायांनी जिंकत नसे. त्यालाही कुणीतरी काहीतरी चारलेलंच असे. हे अगदीच खोटं होतं असंही नाही. एका साली मूर्तिजापूरच्या घोड्याला कुणी भांग पाजली. तो सगळ्यांच्या पुढं होता, पण अर्ध्या वाटेत बँडवाल्यांजवळ थांबला, गाणं संपेपर्यंत मान डोलवत उभा राहिला आणि मग सावकाश परत निघाला. दुसऱ्या साली कारंज्याच्या घोड्याला किटलीभर कॉफी पाजली. तो जिंकला खरा, पण पुढं पावसाळा लागेपर्यंत त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी मालकानं त्याला आपल्या सरकी काढायच्या जिनात रात्रीचा चौकीदार म्हणून ठेवला. त्या साली त्या जिनातून कापसाचं एक बोंडही चोरीला गेलं नाही. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. विश्वास बसत नसेल तर घोड्याला विचारलं असतं, पण तो आता हयात नाही.

अशा भानगडी वाढल्या तेव्हा शर्यतीच्या कमिटीनं नियम केला: कोणत्याही घोड्यास कोणतेही औषध देऊ नये, दिल्यास घोडा बाद. कमिटीचे अध्यक्ष उद्धवराव. हे निवृत्त मुन्सफ, आणि त्यांना पुढची तारीख देण्याची इतकी सवय की घरी ताट वाढलं तरी ते आधी तारीख देतात, असं लोक म्हणत.

अमरावतीची घोडी होती कमलाकांत वकिलांची. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला होता. असल रक्ताची, कातडी अशी तलम की उन्हात आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. कागदावर तिचं लांबलचक विलायती नाव होतं. त्यात एका फुलाचा उल्लेख आहे एवढंच वकिलांना कळलं. वकिलीणबाईंनी ती जागच्या जागी अंगणातून हाकलली, म्हणून ती भातकुलीच्या वाटेवर गंगूबाई माळणीच्या मळ्यात राहायला गेली. गंगूबाईच्या मळ्यात वांगी, मेथी आणि फुलं. तिनं घोडीचा लाल-पिवळा रंग पाहिला आणि नाव ठेवलं झेंडू. तेच चाललं. झेंडूच्या लिदीवर झेंडूची फुलं अशी फोफावली की दसऱ्याला एका फुलात एक तोरण व्हायचं. लोक दाराच्या मध्यावर एक फूल टांगायचे आणि त्याच्या दोन पाकळ्या दोन्ही बाजूंना ओढून बांधायचे.

गंगूबाई पाच लेकरांची माय, नवरा वारलेला, लेकी सासरी, लेक आपापल्या संसारात. झेंडू आली आणि मळ्यात परत कुणीतरी वाट पाहणारं झालं. सकाळी खरारा करता करता ती घोडीशी बोलायची, आणि घोडी असे कान हलवायची की भाजी घ्यायला आलेल्या बाया आपला भाव विसरून ऐकत राहायच्या.

पण झेंडू सलग तीन साल दुसरी आली. पहिला यायचा अकोल्याचा घोडा, नवाब. वकिलीणबाई एक दिवस म्हणाल्या, "घरात दुसऱ्या नंबरावर राहायला एक तुमची वकिली पुरे आहे. यंदा जिंकली तर राहू दे मळ्यात. हरली तर बडनेऱ्याच्या नत्थुजीला द्या."

नत्थुजी बडनेरा स्टेशनावर टांगा चालवायचा. माणूस वाईट नव्हता. पण बडनेरा ते अमरावती भर उन्हात दिवसभर खेपा घालून त्याची आधीची घोडी गुडघ्यातून गेली होती, आणि हे गंगूबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. वकिलांनी निरोप सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जिंकन ते."

आणि नेमकं त्याच महिन्यात झेंडूचं खाणं फिरलं. चंदी समोर ठेवली की तोंड वळवायची. गोठ्याची मातीची भिंत चाटायची. चिंचेखाली उभी राहून कच्च्या चिंचा ओरबाडायची. गंगूबाईनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "असं हाय काय तुयं."

घोडी गाभण होती.

आता ही गोष्ट दुसऱ्या कुणाला कळली असती तर त्यानं गावभर केली असती. पण आपल्याकडे पोटातलं तिसरा महिना पुरा व्हायच्या आत बाहेर बोलत नाहीत. नजर लागते. बायाबायांत कानात सांगितलं तर चालतं. पुरुषांच्या बैठकीत तर अक्षरही काढायचं नाही. हे सुनेला लागू, लेकीला लागू, मग झेंडूलाच का नाही, असा गंगूबाईचा सरळ विचार. तिनं वकिलांना सांगितलं नाही. घोडीवर बसणारा जयवंता तिचा सख्खा भाऊ, त्यालाही सांगितलं नाही. धावू द्यावं का, याचा मात्र तिनं विचार केला, आणि स्वतः पोटुशी असताना आपण निंदण-खुरपण सोडलं नव्हतं हे आठवून मनाची समजूत घातली.

मग तिनं लेकीसाठी करावे तसे डिंकाचे लाडू केले. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, गूळ, वर खसखस आणि जायफळ. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. झेंडूच्या कातडीवर अशी झळाळी आली की मळ्यातले पक्षी तिच्या पाठीत आपलं तोंड पाहून पिसं नीट करायचे.

शर्यतीच्या दिवशी अकोल्यात एवढी गर्दी की नदीला वाट काढून वाहावं लागलं. नवाबाचे मालक सूर्यभानजी, मोर्णेकाठचे मोठे बागाईतदार, पांढरा फेटा बांधून खुर्चीवर. नत्थुजीही आला होता. हातात नवा दोर, लाल गोंडा लावलेला. गंगूबाईनं तो पाहिला आणि मान फिरवली.

निशाण पडलं. नवाब सुटला तशा दोन्ही बाजूंच्या लोकांच्या टोप्या उडाल्या. मागून झेंडू सुटली तशा उडालेल्या टोप्या परत डोक्यांवर येऊन बसल्या, फक्त बदलून. अकोल्यातल्या काही घरांत अजून अमरावतीच्या टोप्या निघतात. वळणावर नवाब पुढं होता. झेंडूनं कान मागं टाकले, मान लांबवली, आणि मग जे झालं ते नीट कुणालाच दिसलं नाही, कारण धूळ उडायच्या आधीच ती निघून गेली होती. जयवंता शेवटच्या खुणेपाशी उतरला, खोगीर सैल केलं, कुणाकडून तरी विडी पेटवून घेतली, तेव्हा नवाब आला.

अमरावतीकर नाचले. अकोलेकर एका सुरात म्हणाले, "काईतरी चारलं हाय."

सूर्यभानजी उठले. त्यांच्या माणसांनी गंगूबाईच्या बोचक्यातून लाडवांचा डबा काढून कमिटीपुढं ठेवला. कमिटीचे ढोरांचे डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. त्यांनी एक लाडू फोडला, हुंगला, चाखला, चवीमुळे आणखी एकदा चाखला आणि म्हणाले, "यात खसखस आहे. खसखस म्हणजे अफूचं बी. शिवाय जायफळ. दोन्ही नशेचे पदार्थ."

कमलाकांत वकील तापले. "अफूनं घोडा झोपतो. ही धावली. मग अफू कुठं आहे?"

"थोड्या अफूनं घोडा भडकतोसुद्धा," डॉक्टर म्हणाले. "साहेब लोक अशा वेळी घोड्याची लाळ तपासतात. त्याला काचेच्या नळ्या लागतात, त्या इथं नाहीत. पण कुठल्याही जनावरावर परीक्षा करता येईल."

मैदानाच्या कडेला एक गाढव होतं. गेल्या दोन पावसाळ्यांत ते जागचं हललेलं कुणी पाहिलं नव्हतं. एका बाजूनं त्याच्यावर शेवाळ चढलं होतं. झेंडूची लाळ भाकरीला लावून त्याला चारली. गाढवानं भाकरी चावली, ओठ चाटले, डोळे उघडले आणि सरळ चालत येऊन गंगूबाईच्या पदरात तोंड खुपसलं.

"पाहा," अकोलेकर म्हणाले, "दवा आहे."

"पाहा," अमरावतीकर म्हणाले, "लाडू किती चांगले झालेत."

मांडवात कमिटी बसली. गंगूबाईला पुढं बोलावलं.

"बाई, हे लाडू घोडीला कशासाठी दिले?" उद्धवरावांनी विचारलं.

"खायासाठी."

"ते कळलं. पण का?"

"तिले लागतात."

"कावून लागतात?" सूर्यभानजी म्हणाले. "आमच्या नवाबाले नाई लागत. घोड्याले कोनी लाडू देते काय बाई?"

"तुमच्या घरच्या बायायले विचारा, कोनाले देतात ते."

"घरच्या बायायचं इथं काय काम?"

"तेच त म्हनून राहिलो मी. इथं काम नाई."

वकील तिच्या कानाशी आले. "गंगूबाई, काय असेल ते सांगून टाक. घोडी बाद झाली म्हणजे हरली. नत्थुजी दोर घेऊन उभा आहे, मला घरी उत्तर द्यायचं आहे."

गंगूबाईनं समोर पाहिलं. अख्खं अकोला आणि अख्खी अमरावती तिच्याकडे डोळे लावून उभी. सांगावं तर एवढ्या सगळ्या नजरा झेंडूच्या पोटावर पडणार, त्यातल्या निम्म्या हरलेल्यांच्या. न सांगावं तर झेंडू टांग्याला.

"साहेब," ती म्हणाली, "एक अमावास्या जाऊ द्या. मंग सारं सांगतो."

उद्धवरावांचा चेहरा खुलला. "तारीख द्यायला हरकत नाही."

"हरकत आहे," सूर्यभानजी म्हणाले. "निकाल आजच पायजे. अमावास्येले दव्याचा काय संबंध? जादूटोना करून राहिले काय तुमी अमरावतीवाले?"

तेव्हा गंगूबाई वळली आणि मांडवातून चालू लागली. लोकांना वाटलं, पळाली. ती गेली चिकाच्या पडद्यामागं, बायांच्या बाजूला. तिथं उद्धवरावांच्या पत्नी आशाबाई बसल्या होत्या. गंगूबाईनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आशाबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी शेजारणीच्या कानात सांगितलं. चिकाच्या पडद्यामागं ती कुजबूज अशी सरकली की तिच्यापुढं झेंडूही दुसरी आली असती. मग पदर तोंडाला लागले, आणि कुणीतरी हळदीकुंकवाचा करंडा शोधू लागलं.

आशाबाई पडद्याबाहेर आल्या.

"अहो, घोडी निर्दोष आहे."

"पुरावा?"

"आहे. पण सांगता येत नाही."

"असं चालत नाही. हे न्यायाचं काम आहे."

"बरं. मग आपल्या रविकांतच्या वेळी सासूबाई माझ्यासाठी काय वळत होत्या, ते जरा आठवा. डबा फडताळात वरच्या खणात असायचा. त्यातले निम्मे तुम्हीच खाल्लेत."

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, झेंडूकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले. पुढं मांडवात हळूहळू एकेका पुरुषाला उमगत गेलं. ज्यांच्या घरी नुकतंच बाळंतपण झालं होतं त्यांना आधी, ज्यांची लेकरं मोठी होती त्यांना उशिरा. डॉक्टरांना त्यांच्या शेजारच्यानं सांगितलं. सगळ्यात शेवटी राहिले सूर्यभानजी. ते बोलतच होते, तेवढ्यात पडद्यामागून त्यांच्या बायकोचा, सिंधूबाईंचा आवाज आला, "अवो, बसा ना आता खाली. लेकरं काय मी अशीच वाढवली?"

सूर्यभानजी बसले. पण तोंड बंद ठेवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. परत उठले. "मंग त आनखीनच वाईट. एका नंबरावर दोन घोडे धावले. हे नियमात बसते काय?"

आता वकिलांना रंग चढला. "जो जन्मला नाही तो घोडा नाही. त्याच्यावर समन्स बजावता येत नाही, त्याची नोंद नाही, त्याला नाव नाही. तो धावला नाही, त्याला नेलं."

हा कीस संध्याकाळपर्यंत चालला असता. पण नत्थुजी पुढं आला. तो आनंदानं फुलला होता. त्याला वाटत होतं, घोडी बाद होणार आणि आपल्याला एकीच्या जागी दोन मिळणार.

"लेकरू असल निंघन, साहेब," तो म्हणाला. "मले ठावूक हाय बाप कोन तं. संक्रांतीले इथंच शेतकीचं प्रदर्शन होतं ना, तवा मी आलो होतो. झेंडू अन् नवाब शेजारी बांधले होते, मधात बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. सकाळी पायतो त तट्टा आडवा पडलेला. चौकीदार म्हने, वाऱ्यानं पडला. वारा त नव्हता, बाप्पा. दोघंबी एकाच गव्हानीत खाऊन राहिले होते. आपल्या टांग्याले आता नवाबाचं पोरगं जुंपीन मी."

सूर्यभानजींनी नत्थुजीच्या हातातल्या दोराकडे पाहिलं. मग नवाबाकडे पाहिलं. नवाब मान वळवून भलतीकडेच पाहत होता. सूर्यभानजींनी फेटा नीट केला, आपली खुर्ची उचलली आणि वकिलांच्या शेजारी नेऊन ठेवली.

"बसा, व्याही."

"कोण व्याही?" वकील म्हणाले.

"तुमी. मी पोराकडचा, तुमी पोरीकडचे. लगन झालं का नाई ते तट्ट्याले विचारा. पन आमची सून टांग्याले जुंपता तुमी? नवाबाचं लेकरू बडनेऱ्याच्या टेसनावर सवाऱ्या ओढीन?"

"पण तुमचीच तर फिर्याद आहे."

"सुनेवर कोनी फिर्याद करते काय? काढली मी." ते उद्धवरावांकडे वळले. "साहेब, लिवा. लाडू म्हंजे अन्न. घोडी जितली. अन् हेबी लिवा, का अर्धी शर्यत अकोल्यानं जितली, कावून का अर्धं पोट आमचं हाय."

हे शेवटचं उद्धवरावांनी लिहून घेतलं नाही. त्यासाठी त्यांनी तारीख दिली. ती अजून चालू आहे, आणि दोन्ही गावं अजून हजर राहतात. बाकी निकाल तिथल्या तिथं लागला: दोन जिवांच्या जनावरास दिलेले लाडू औषध समजू नयेत. याचा परिणाम असा झाला की पुढच्या साली शर्यतीला आलेले सगळेच घोडे दोन जिवांचे निघाले. नवाबसुद्धा. त्याचं पोट पाहून डॉक्टरांनी राजीनामा दिला.

नत्थुजीला वाईट वाटलं. सूर्यभानजींनी त्याला आपल्या तबेल्यातला एक दणकट तट्टू देऊन त्याची समजूत काढली. तो लाल गोंड्याचा दोर तट्टूच्या गळ्यात बांधून समाधानानं गेला. गंगूबाई मग झेंडूच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिली आणि काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. झेंडूनं कान हलवले.

आता परत जायचं होतं. येताना झेंडू मालगाडीच्या डब्यातून आली होती, तशीच नेऊ, असं वकील म्हणाले. सिंधूबाईंनी हात जोडले. "व्याहीबुवा, या दिवसात आगगाडीचे हादरे? पायी नेजा. सावलीसावलीनं."

व्याह्यांच्या बायकोला नाही म्हणता येत नाही. वकील घोडीचे बाप ठरले होते, तेव्हा लेकीला माहेरी पोचवणंही त्यांच्याच गळ्यात आलं. आणि असं झालं की वऱ्हाडातली सगळ्यात वेगवान घोडी अकोल्याहून अमरावतीला निघाली ती कडुनिंबाच्या एका सावलीतून दुसऱ्या सावलीत. पुढं गंगूबाई लगाम सैल धरून, मागं जयवंता पाण्याची घागर घेऊन, त्याच्या मागं वकील काळा कोट खांद्यावर टाकून. कापसाच्या गाड्या त्यांच्या पुढं गेल्या. बकऱ्या पुढं गेल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक म्हातारी काठी टेकत आली, चौकशी केली आणि तीही पुढं गेली. अमरावतीच्या कोर्टात वकिलांच्या पक्षकारांनी दोनदा तारखा घेतल्या.

मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा वकिलांचा धीर सुटला. "गंगूबाई, अगं, हीच घोडी काल-परवा वाऱ्याच्या पुढं धावली. जरा पाय उचलू दे तिला."

गंगूबाईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"तुमाले घाई असन, वकीलसायेब," ती म्हणाली, "त तुमी व्हा पुढं. आमी येतो."